गर्टी द डायनोसॉर (१९१४): चांगलं काय, कच्चं काय

प्रश्न थोडक्यात असा: ॲनिमेशनच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीला वर्गात अमेरिकन व्यंगचित्रकार विन्सर मॅके यांची ‘गर्टी द डायनोसॉर’ दाखवली. सरांनी ती थोर आहे म्हणून सांगितलं. हिला मात्र निम्मी फिल्म कंटाळवाणी वाटली, मागचे डोंगर सारखे थरथरताना दिसले आणि गोष्ट अशी काही सापडलीच नाही. आता फिल्मची बलस्थानं आणि उणिवा यांवर लिहून द्यायचं आहे. उणिवा मोकळेपणाने लिहिल्या तर चालेल का?

चालेल की. तुम्हाला दिसलेल्या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मी ही फिल्म शिकवतो तेव्हा वर्गातून त्या हमखास येतात. फक्त त्यांची नुसती यादी देऊ नका. या फिल्मची बहुतेक बलस्थानं आणि बहुतेक उणिवा एकाच जागेतून आल्या आहेत. ती नुसती पडद्यावर बघायची फिल्म म्हणून काढलेलीच नव्हती. पडद्याशेजारी एक जिवंत माणूस उभा राहून बोलणार, असं धरून ती काढली होती. आज तो माणूस तिथे नसतो, म्हणजे आपण अर्धा खेळ बघतो आणि मार्क मात्र पूर्ण खेळाचे देतो.

आधी एक गैरसमज बाजूला करू. गर्टी ही जगातली पहिली ॲनिमेशन फिल्म, असं अजूनही बऱ्याच ठिकाणी छापून येतं. ते खरं नाही. अमेरिकेत ब्लॅक्टन यांनी १९०६ मध्ये फळ्यावरचे चेहरे हलवून दाखवले होते, फ्रान्समध्ये एमिल कोल यांची ‘फँटस्मागोरी’ १९०८ ची. खुद्द मॅके यांच्याच दोन फिल्म आधी येऊन गेल्या होत्या. १९११ मध्ये ‘लिटल निमो’, म्हणजे न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात गाजलेल्या त्यांच्याच चित्रमालिकेतली पात्रं; आणि १९१२ मध्ये झोपलेल्या माणसाचं रक्त पिणाऱ्या डासाची. या दोन्ही बघून काही लोकांना वाटलं की यात चित्रं नाहीतच, तारा बांधून केलेली हातचलाखी आहे. मॅके यांनी त्यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. त्यांनी असा प्राणी निवडला जो जगात उरलेलाच नाही. डायनोसॉर कुठून आणणार आणि त्याला तारा कुठे बांधणार?

आता तो शेजारचा माणूस. मॅके वर्तमानपत्रात चित्रं काढायचे आणि १९०६ पासून व्हॉडव्हिलच्या रंगमंचावरही जायचे. व्हॉडव्हिल म्हणजे एकाच तिकिटात नाच, गाणी, कसरती, जादू, नकला असं सगळं एकामागून एक. तिथे ते फळ्यावर झरझर चित्रं काढून दाखवत. ८ फेब्रुवारी १९१४ ला शिकागोच्या पॅलेस थिएटरात त्यांनी गर्टी पहिल्यांदा दाखवली ती याच रंगमंचीय खेळाचा भाग म्हणून. हातात चाबूक घेतलेले मॅके पडद्याच्या कडेला उभे. ते हाक मारतात, तशी गर्टी गुहेतून डोकावते, बाहेर येते, लोकांना वाकून नमस्कार करते. ते उजवा पाय उचल म्हणतात, डावा उचल म्हणतात. ती कधी ऐकते, कधी लक्षच देत नाही. ते रागावतात, ती रडते. ते पुठ्ठ्याचं सफरचंद तिच्याकडे फेकल्यासारखं करून पाठमोरे होत गुपचूप खिशात घालतात, आणि त्याच क्षणी पडद्यावरची गर्टी काढलेलं सफरचंद तोंडात झेलते. शेवटी मॅके पडद्यामागे जातात, लगेच पडद्यावर चित्रातले मॅके येतात, गर्टी त्यांना तोंडात उचलून पाठीवर ठेवते आणि दोघं निघून जातात.

आपल्याकडे दारावर नंदीबैल येतो ना, त्याचंच हे रूप आहे. ‘पाऊस पडंल का?’ विचारलं की बैल मान हलवतो, आणि मजा बैलाच्या मानेत असते तेवढीच विचारणाऱ्याच्या बोलण्यात. गुबुगुबू थांबलं आणि माणूस निघून गेला तर उरतो तो नुसता उभा असलेला बैल. तुम्ही वर्गात जे पाहिलं ते जवळपास तसंच.

आणि इथे खरी गंमत आहे. दारावरचा बैल माणसाकडे बघून थांबू शकतो. पडद्यावरची गर्टी थांबू शकत नाही, तिची रिळं पुढे जातच राहणार. म्हणजे मॅके हुकूम सोडतायत आणि ती पाळतेय असं लोकांना दिसत होतं, पण प्रत्यक्षात मॅकेच तिच्या तालावर चालत होते. त्यात तेव्हाची यंत्रं हाताने फिरवायची, वेग आज एक आणि उद्या जरा वेगळा. लोक कुठे किती हसतील तेही ठरलेलं नाही. मग बोलायला, हशा ओसरायला, हात सफरचंदापर्यंत न्यायला सैल जागा लागणार. ती जागा त्यांनी कुठे ठेवली? गर्टीच्या नुसत्या उभं राहण्यात. ती या पायावरून त्या पायावर झुलते, श्वास घेते, शेपूट हलवते. तुम्हाला ‘इथे काही घडतच नाही’ असं जिथे वाटलं ना, बहुतेक तिथेच मॅके बोलत होते.

या झुलण्याला आपण आज सायकल म्हणतो: ठरावीक चित्रांचा संच पुन्हा पुन्हा शूट करायचा, शेवटचं चित्र पहिल्याला जुळलं पाहिजे. आजच्या पोरांना वॉक सायकल दुसऱ्या आठवड्यात शिकवतात, त्यामुळे यात काय एवढं असं वाटतं. पण सायकलचा उपयोग मॅके यांनी नुसती मेहनत वाचवायला केला नाही. पात्र काहीच करत नसताना ते जिवंत कसं ठेवायचं, हा प्रश्न त्यांनी सोडवला. पोट फुगतं आणि बसतं, त्याचा वेळ ठरवायला ते स्वतःचा श्वास घड्याळ लावून मोजत असत. आज गेममधलं पात्र तुम्ही काहीच दाबलं नाही तरी उभ्या उभ्या श्वास घेतं, त्याला आयडल म्हणतात. त्याचं मूळ शोधत मागे गेलात तर या डायनोसॉरपाशी पोचाल.

बलस्थानांमध्ये मी सगळ्यात वर वजन ठेवेन. तुमच्याकडे फिल्म असेल तर पाय उचलण्याची जागा काढा आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा. पाय उचलला जाण्याआधी धड दुसऱ्या बाजूला कलतं. भार तिकडे गेला की मगच इकडचा पाय सुटतो, वर येताना जड येतो आणि खाली टेकल्यावर अंग पुन्हा मधोमध येतं. तिच्या भाराने खालची जमीन दबते, हेसुद्धा मॅके यांनी काढलंय. १९१४ मध्ये हे शिकवायला कोणी नव्हतं, पुस्तक नव्हतं. त्या काळातली इतर व्यंगचित्रं हलवलेली बघा, हात खांद्यापासून सुटा फिरतो, माणूस जमिनीवर उभा नसून कागदावर चिकटवलेला वाटतो. गर्टी उभी असते. तिच्या पायाखाली जमीन आहे याबद्दल आपल्याला शंका येत नाही. आज मी विद्यार्थ्यांच्या थ्रीडी फाइल उघडतो तेव्हा दहातल्या सातांमध्ये हत्तीचा पाय भार न सरकवता थेट वर गेलेला असतो, आणि त्यांच्याकडे सॉफ्टवेअर आहे, संदर्भाला व्हिडिओ आहेत.

दुसरं म्हणजे गर्टीचा स्वभाव. इथे ‘पात्राला व्यक्तिमत्त्व आहे’ असं वाक्य लिहून पुढे जाऊ नका, ते प्रत्येक पुस्तकात आहे. ते कशातून दिसतं ते लिहा. हुकूम ऐकल्यावर गर्टी लगेच काम करत नाही. मध्ये एक विराम असतो, त्यात ती ठरवते. कधी पाय उचलायच्या ऐन वेळी तळ्यातून एक समुद्रसर्प डोकं वर काढतो आणि हिचं लक्ष तिकडे जातं. शाळेत खिडकीबाहेर बघणाऱ्या पोरीसारखीच ती. मग ओरडा बसतो आणि ती रडते, मोठे मोठे अश्रू गाळून. इतका प्रचंड प्राणी आणि रडणं एवढ्याशा पोराचं, हा विरोध मॅके यांनी बरोबर पकडलाय. ती जंबो नावाच्या मॅमथला शेपटीला धरून तळ्यात भिरकावते, तो पाण्यातून सोंडेने तिच्या अंगावर पाणी उडवतो, तर ही चिडून त्याच्यामागे दगड फेकते. अख्खं झाड खाते, अख्खं तळं पिऊन टाकते. यातली एकही कृती गोष्ट पुढे नेत नाही, पण प्रत्येकीतून हीच गर्टी दिसते. डास आणि निमोमधलं हलणं सुंदर आहे, पण ती पात्रं काय विचार करतायत हे मला कधी कळलं नाही. गर्टीचं कळतं.

तिसरं बलस्थान ड्रॉइंग. त्यावर फार लिहायची गरज नाही, ते डोळ्यांना दिसतं. मान आपल्याकडे वळते, लांबी आखडते, पुन्हा बाजूला जाते आणि आकार कुठे घसरत नाही. मॅके यांचा पर्स्पेक्टिव्हवरचा हात तेव्हाच्या व्यंगचित्रकारांत फारच थोड्यांकडे असेल.

आता उणिवा. तुमचे थरथरणारे डोंगर आधी घेऊ. तेव्हा सेलवर, म्हणजे सेल्युलॉइडच्या पातळ पारदर्शक पत्र्यावर, पात्र काढून ते एकाच पार्श्वभूमीवर ठेवण्याची पद्धत वापरात आलेली नव्हती. त्यामुळे प्रत्येक कागदावर गर्टीबरोबर डोंगर, तळं, दगड, झाड सगळं पुन्हा काढायचं. गर्टी मॅके काढायचे, आणि पार्श्वभूमी गिरवायला त्यांनी शेजारचा जॉन फिट्झसिमन्स हा चित्रकला शिकणारा मुलगा घेतला होता. राइस पेपरचे छोटे तुकडे, साधारण साडेसहा बाय साडेआठ इंचांचे, कोपऱ्यांत जुळणीच्या खुणा केलेले. नंतर ते पुठ्ठ्यावर चिकटवायचे. खुणा कितीही नीट जुळवल्या तरी शाईची रेघ दर वेळी केसभर इकडे-तिकडे होणारच. पडद्यावर ती केसभर चूक हातभर होते आणि डोंगर उकळायला लागतो.

हल्ली ही थरथर ‘हाताची ऊब’ म्हणून डोक्यावर घ्यायची फॅशन आहे. मला ते पटत नाही, निदान इथे तरी. गर्टी चालत असते तेव्हा थरथर जाणवत नाही, उलट सगळं चित्र एका जिवाचं वाटतं. पण ती शांत उभी राहून श्वास घेते तेव्हा पोटाची हालचाल अगदी हलकी आहे आणि मागचा डोंगर तिच्यापेक्षा जास्त हलतोय. नजर कुठे जाणार? म्हणजे जी गोष्ट या फिल्मची खरी कमाई, तिलाच पार्श्वभूमी झाकोळते. हा तांत्रिक मर्यादेतून आलेला दोष आहे, मॅके यांचा निष्काळजीपणा नाही, हे लिहा. पण दोष आहे हेही लिहा. सेलच्या पद्धतीचं पेटंट अर्ल हर्ड यांनी त्याच वर्षाच्या शेवटी मागितलं, आणि मॅके यांनी स्वतः ‘लुसिटानिया’ जहाज बुडाल्याच्या १९१८ च्या फिल्ममध्ये सेल वापरले. दोन्ही शेजारी ठेवून पाहा, फरक आपोआप कळेल.

कंटाळ्याचं दुसरं कारण म्हणजे सुरुवातीचा जिवंत माणसांचा भाग, आणि तो मुळात खेळात नव्हताच. मॅके ज्यांच्याकडे नोकरीला होते त्या वर्तमानपत्रमालक हर्स्ट यांना आपला चित्रकार गावोगाव नाटकगृहांत फिरतो हे रुचलं नाही, त्यांनी त्यावर बंधनं आणली. मग गर्टी चित्रपटगृहांत मॅके यांच्याशिवाय दाखवता यावी म्हणून १९१४ च्या अखेरीस विल्यम फॉक्स यांच्या कंपनीमार्फत नवी आवृत्ती निघाली. तिच्यात सुरुवातीला एक कथानक जोडलं: मित्रांच्या मोटारीचा टायर न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमपाशी पंक्चर होतो, आत डायनोसॉरचा सांगाडा बघून मॅके ‘याला मी जिवंत करतो’ अशी जॉर्ज मॅक्मॅनस या चित्रकारमित्राशी जेवणाची पैज लावतात. पुढे कागदांचे गठ्ठे, शाई, मेजावर जमलेली मंडळी. फिल्मचा जवळपास निम्मा वेळ यात जातो. आज तो भाग दस्तऐवज म्हणून मोलाचा, कारण मॅके आणि त्यांचं काम करणं त्यात दिसतं. बघायला मात्र रटाळ आहे, हे म्हणायला घाबरू नका.

त्याहून मोठं नुकसान अक्षरांच्या पाट्यांनी केलं. रंगमंचावर मॅके बोलायचे ते सगळं आता पाट्यांवर आलं. रंगमंचावर हुकूम आणि गर्टीचं ऐकणं एकाच वेळी, एकाच नजरेत होतं. आता हुकूम वाचायचा, मग पाटी जाते, मग गर्टी दिसते. तिचा तो विचार करायचा विराम, ज्याचं मी वर इतकं कौतुक केलं, तो पाटीने कापला जातो. माझ्या मते या फिल्मची सर्वांत मोठी उणीव हीच, आणि ती चित्रांत नसून संकलनात आहे. कॅनडातल्या संस्थांनी आणि अभ्यासकांनी मिळून मूळ रंगमंचीय प्रयोगाची पुनर्रचना केली, ती २०१८ मध्ये लोकांसमोर आली. तिच्याबद्दल वाचायला मिळालं तर वाचा.

चित्रांतल्या उणिवाही आहेत. गर्टी मागच्या पायांवर उभी राहून नाचते, तिथे इतका वेळ जपलेलं वजन मॅके यांनी सोडून दिल्यासारखं वाटतं. ती वर-खाली हलते, पण भार कुठल्या पायावर आहे ते कळत नाही. लोकांना तो भाग नक्कीच आवडला असेल, मला तो स्वस्त वाटतो. कॅमेरा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जागी. समोर रंगमंच आहे असं मानलं तर ते बरोबरच, पण फिल्म म्हणून बघताना अश्रू जवळून दिसावेत असं वाटतं आणि ते होत नाही. डायनोसॉर आणि मॅमथ एकाच तळ्याकाठी आणलेत, दोघांमध्ये कोट्यवधी वर्षांचं अंतर. शाळकरी पोरंसुद्धा हे लगेच पकडतात. या शेवटच्या मुद्द्यावर तुम्ही वेळ घालवू नका, मॅके काही जीवशास्त्र शिकवत नव्हते.

गोष्ट नाही, या तुमच्या तक्रारीबद्दल मात्र मी तुमच्याशी पूर्ण सहमत नाही. व्हॉडव्हिलच्या एका नंबरात गोष्ट नसतेच, चढती भाजणी असते. साधा नमस्कार, मग पाय उचलणं, मग अवज्ञा, मग रडणं, मग मॅमथ, आणि शेवटी खुद्द मालकालाच पाठीवर घेऊन जाणं. शेवटची उडी सगळ्यांत मोठी, कारण तिथे खरा माणूस चित्रात शिरतो. रंगमंचावर ते दृश्य काय दिसलं असेल! आजच्या प्रतीत त्याआधी माणूस समोर उभाच नसतो, त्यामुळे तो क्षण निम्मा फुकट जातो.

दहा हजार चित्रांचा आकडा तुमच्या नोट्समध्ये असेल. तो खुद्द फिल्ममध्येच येतो, जाहिरातींतही होता. वापरा, पण हिशेब करून बघा. ॲनिमेशनचा भाग साधारण पाच-सहा मिनिटांचा. सेकंदाला सोळा फ्रेम धरल्या तर पाच मिनिटांच्या चार हजार आठशे होतात, सहा मिनिटांच्या पाच हजार सातशे साठ, आणि त्यातही सायकलमध्ये चित्रं पुन्हा वापरलेली. म्हणून ‘मॅके यांनी दहा हजार सांगितली’ एवढंच लिहा.

कामाच्या पद्धतीचा एक मुद्दा निबंधात जरूर घ्या. मॅके आधी मुख्य स्थिती काढत, मग दोन स्थितींच्या मधलं चित्र, मग त्याच्याही मधली. ही मॅके यांची विभागणीची पद्धत, आपण तिलाच की आणि इनबिटवीन म्हणतो. चित्रं तपासायला ते ती म्यूटोस्कोपसारख्या यंत्रावर, म्हणजे चित्रं चक्राला लावून हाताने फिरवायच्या यंत्रावर, बघत. हे सगळं ते कोणालाही दाखवत, पेटंट घ्यायचं त्यांच्या मनात नव्हतं. जॉन रँडॉल्फ ब्रे यांनी ते पाहिलं (पत्रकार म्हणून आले होते असं सांगतात), नंतर ॲनिमेशनच्या प्रक्रियांची पेटंटं घेतली आणि उलट मॅके यांच्यावरच दावा लावला. दावा टिकला नाही, वर मॅके यांनाच काही काळ मानधन मिळत राहिलं. या धंद्यात हा प्रकार आजही नवा नाही.

तुम्ही मराठीत लिहिताय म्हणून एक जोड, वाढवून मात्र सांगू नका. गर्टीच्या पुढच्याच वर्षी, १९१५ मध्ये, आपल्या दादासाहेब फाळके यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली, काडेपेटीतल्या काड्या एकेका फ्रेमला सरकवून. त्याआधी १९१२ मध्ये कुंडीतल्या रोपाची वाढ फ्रेमफ्रेमने टिपून त्यांनी ‘अंकुराची वाढ’ दाखवली आणि भांडवल देणाऱ्याची खात्री पटवली होती. मॅके आणि फाळके यांचा एकमेकांशी संबंध नाही, रीतही वेगळी: एक कागदावर काढतो, दुसरा वस्तू हलवतो. आगकाड्यांची फिल्म आज उपलब्ध नाही, त्यामुळे तुलना करायला जाऊ नका. त्या काळी एक फ्रेम थांबवून पुढची घेण्याची करामत इकडेही लोकांच्या हाती आली होती, एवढं सांगितलंत तरी पुरे.

लिहायला बसण्याआधी एक करा. फिल्म इंटरनेटवर सहज मिळते, हक्कमुक्त आहे. सुरुवातीचा भाग आणि पाट्या वगळून फक्त गर्टीचे तुकडे सलग जोडा, मोबाइलवरच्या साध्या ॲपमध्येही होतं. भिंतीवर लावा आणि वर्गातल्या एखाद्या बोलक्या मित्राला शेजारी उभं करून मराठीतच हुकूम सोडायला सांगा, ‘गर्टे, पाय उचल बघू.’ पहिल्यांदा त्याचं वाक्य उशिरा पडेल, दुसऱ्यांदा लवकर. कुठे त्याला थांबावं लागतं आणि कुठे गर्टी त्याला बोलायला जागा देते, ते कागदावर सेकंदांसकट टिपा. तो तक्ता निबंधाला जोडलात तर उणिवांबद्दल कितीही कडक लिहा, सरांना हरकत घ्यायला जागा उरणार नाही.